नवोदयचं गणित : २० प्रश्न, ३० मिनिटं, वेळ पुरवायचा कसा?

छत्रपती संभाजीनगर : "पोराला सगळं येत होतं, पण वेळच पुरला नाही." नवोदयची परीक्षा सुटली की केंद्राच्या फाटकाबाहेर हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. अशी पोरं अभ्यासात कच्ची असतातच असं नाही. बऱ्याचदा एखाद-दुसरं गणित अडतं, पोरगं हट्टाला पेटतं, त्यात सात-आठ मिनिटं जातात आणि पुढचे सोपे प्रश्न वाचायचेच राहतात.

जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय कन्नडला आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी राखीव असतात. कन्नड, सिल्लोड, सोयगाव, फुलंब्री, खुलताबाद, वैजापूर, गंगापूर, पैठण आणि छत्रपती संभाजीनगर अशा नऊही तालुक्यांतली पाचवीची मुलं याच जागांसाठी पेपर देतात. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. म्हणून कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरासाठी ही परीक्षा मोठी असते. शिवाय सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पुढे नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, पण त्या जागा मोजक्याच.

त्यामुळे गणित येणं जितकं गरजेचं, तितकंच ते वेळेत सोडवता येणंही. आणि ही सवय घरी, फुकटात लावता येते.

पेपर कसा असतो?

एकच प्रश्नपुस्तिका, ८० प्रश्न, १०० गुण आणि सलग दोन तास. तीन विभाग असतात :

- मानसिक क्षमता (आकृत्या) : ४० प्रश्न, ५० गुण, ६० मिनिटं
- अंकगणित : २० प्रश्न, २५ गुण, ३० मिनिटं
- भाषा (चार उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न) : २० प्रश्न, २५ गुण, ३० मिनिटं

प्रश्नांना चार-चार पर्याय असतात आणि उत्तर ओएमआर शीटवर गोल रंगवून द्यायचं असतं. पेपर मराठीतूनही देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

यातली एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. विभागापुढे लिहिलेली मिनिटं फक्त अंदाजासाठी असतात. ३० मिनिटं झाली म्हणून गणिताचा विभाग कोणी बंद करत नाही. दोन तास सलग असतात, ते कुठे किती वापरायचे हे मुलानं ठरवायचं असतं. हीच मोकळीक तयारी केलेल्या मुलाच्या कामाला येते आणि तयारी नसलेल्याला महागात पडते.

प्रत्येक प्रश्नाला सवाच गुण

८० प्रश्नांना १०० गुण, म्हणजे एका प्रश्नाला १.२५ गुण. घरात आजोबा असतील तर त्यांना सवायकी विचारा. वीस सवा पंचवीस, ऐंशी सवा शंभर. नवोदयचा अख्खा पेपर सवायकीवर चालतो.

दोन ओळींचं सोपं गणित असो की पाच ओळींचं अवघड, दोन्हीला सवाच गुण. अवघड गणित सोडवलं म्हणून कोणी दीड गुण देत नाही. ३० मिनिटांत २० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ९० सेकंद. एका गणितावर सहा मिनिटं घालवली, तर चार प्रश्नांचा वेळ एकाच प्रश्नाला दिला. मिळाला तर सवा गुण, आणि मागे राहिलेल्या तीन प्रश्नांचे पावणेचार गुण गेले.

शाळेत मुलाला शिकवलेलं असतं की गणित अर्धवट सोडायचं नाही. वर्गात ते बरोबरच आहे. पण या पेपरात नियम वेगळा आहे : अडलं की सोड, पुढं जा, वेळ उरला की परत ये. हे मुलाला मुद्दाम सांगावं लागतं. नाहीतर प्रश्न सोडणं म्हणजे हार मानणं असं त्याला वाटतं.

दोन तासांची वाटणी

परीक्षेची वेळ साधारण ११.३० ते १.३० असते. आकृत्यांचा विभाग पुस्तिकेत पहिला येतो. तिथे वाचायला फारसं काही नसतं. वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत तशीच आकृती शोधा, अपूर्ण आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा सांगा, असे प्रश्न असतात. सराव झालेल्या मुलाला एका आकृतीला मिनिटभर पुरतं. म्हणजे ६० मिनिटांच्या विभागात १५ मिनिटं वाचू शकतात. ती गणिताला द्यायची.

एक सोयीची वाटणी अशी :

- ११.३० ते १२.१५ : आकृत्या (४५ मिनिटं)
- १२.१५ ते १२.५५ : गणित (४० मिनिटं)
- १२.५५ ते १.२० : भाषा (२५ मिनिटं)
- १.२० ते १.३० : राहिलेले गोल भरणं आणि तपासणी (१० मिनिटं)

अशा वाटणीत गणिताच्या एका प्रश्नाला ९० सेकंदांऐवजी दोन मिनिटं मिळतात.

ही वाटणी सगळ्यांना लागू पडेल असं नाही. मूल वाचायला संथ असेल तर भाषेला ३० मिनिटं ठेवावी लागतील आणि आकृत्या ४० मिनिटांत उरकाव्या लागतील. कोणत्या विभागात किती वेळ जातो, हे घरी दोन-तीन सरावपेपर घेतले की कळतं. आधी मोजा, मग वाटणी ठरवा.

मुलानं फक्त तीन वेळा पाठ करायच्या : सव्वाबारा, बाराला पंचावन्न, एक वीस. पेपर सुरू झाल्यावर पुस्तिकेतल्या कच्च्या कामाच्या कोऱ्या जागेत त्या लिहून ठेवायच्या. दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे पाहायची गरज नाही, या तीन वेळा सांभाळल्या तरी पुरे. परीक्षा खोलीत घड्याळ कुठे आहे हे जागेवर बसताच पाहून घ्यावं. नसेल तर पर्यवेक्षकांना वेळ विचारायला लाजू नये. हातातलं घड्याळ चालतं का, कोणतं चालतं, हे प्रवेशपत्रावरच्या सूचनांत वाचावं. आणि काटे असलेलं घड्याळ मुलाला झटकन वाचता येतं ना, हेही बघा. मोबाइलवरच वेळ बघायची सवय असलेली बरीच मुलं इथे अडखळतात.

गणित दोन फेऱ्यांत

गणिताचे प्रश्न ४१ ते ६० या क्रमांकांत येतात. ते एका दमात, ओळीनं सोडवत बसू नयेत. दोन फेऱ्या कराव्यात.

पहिली फेरी (साधारण २२ मिनिटं) : सगळे २० प्रश्न वाचायचे. वाचताच रीत सुचली, तो लगेच सोडवायचा. रीत माहीत आहे पण आकडेमोड लांब आहे, त्या प्रश्नाच्या क्रमांकाला पुस्तिकेत गोल करायचा. काहीच सुचलं नाही, तिथे फुली मारायची. गोल किंवा फुली केली की पुढे सरकायचं.

दुसरी फेरी (साधारण १४ मिनिटं) : आधी गोल केलेले प्रश्न. ते संपले तरच फुलीवाले.

शेवटची चार मिनिटं : जे आलेच नाहीत त्यांचेही गोल रंगवायचे. चुकीला गुण कापत नाहीत, मग जागा कोरी कशाला ठेवायची? चारही पर्याय अनोळखी असले तरी चारांत एक बरोबर येण्याची शक्यता असते. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं, तर दोनांत एक. पण हे अगदी शेवटीच. सुरुवातीलाच अंदाजपंचे गोल मारत सुटलेलं मूल येणारी गणितंही चुकवून बसतं.

वेळ वाचवणाऱ्या रीती

पर्यायी प्रश्नात पूर्ण रीत लिहायची नसते, बरोबर गोलापर्यंत पोहोचायचं असतं. हे सोपे उपाय पाचवीच्या मुलाला पंधरा दिवसांत जमतात.

१) शेवटचा अंक पाहा. ३४७ × ६८ = ? पर्याय : २३,५९२ / २३,५९४ / २३,५९६ / २३,५९८. पूर्ण गुणाकार नकोच. सात आठे छप्पन्न, म्हणजे शेवटी ६ येणार. उत्तर २३,५९६. सगळ्या पर्यायांचा शेवटचा अंक सारखाच असेल तर अंदाज वापरा. ३५० × ७० = २४,५००, म्हणजे खरं उत्तर त्याहून थोडं कमी असणार.

२) २५ ने गुणायचं तर ४ ने भागून १०० ने गुणा. ४८ × २५ : ४८ चे चौथाई १२, उत्तर १,२००. इथे पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी कामाला येतात. ३६ अडीच किती हे आजी-आजोबा कागद न घेता सांगतील : ९०. त्यांना रोज संध्याकाळी दहा मिनिटं नातवंडांना घेऊन बसायला सांगा. अपूर्णांक आणि दशांशाची भीती निम्मी होते.

३) टक्के तोडून काढा. ८,००० रुपयांना घेतलेली शेळी १५ टक्के नफ्यानं विकली, तर विक्री किंमत किती? १० टक्के म्हणजे ८००, ५ टक्के म्हणजे त्याचं निम्मं ४००. नफा १,२००, विक्री ९,२००. सूत्र मांडायची गरज पडत नाही.

४) पर्याय प्रश्नात घालून पाहा. ज्या सर्वांत लहान संख्येला ४, ६ आणि ९ ने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी १ उरते ती कोणती? पर्याय : १९ / २५ / ३७ / ७३. १९ ला ४ ने भागलं की बाकी ३, बाद. २५ ला ९ ने भागलं की बाकी ७, बाद. ३७ तिन्हींना बसते. पण ७३ सुद्धा बसते! प्रश्नात "सर्वांत लहान" म्हटलंय, म्हणून उत्तर ३७. ज्याला लसावि पटकन येतो त्यानं तसं करावं : लसावि ३६, अधिक १, उत्तर ३७.

५) एकक तपासा. कन्नडहून निघालेली एसटी ताशी ४० किमी वेगानं ६० किमी अंतर किती वेळात कापेल? ६० ÷ ४० = १.५ तास. म्हणजे दीड तास, १ तास ३० मिनिटं. घाईत १ तास ५० मिनिटं किंवा १ तास ५ मिनिटं असा गोल रंगवणारी मुलं कमी नसतात.

६) काय विचारलंय त्याखाली रेघ ओढा. ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद शेताला तारेचे तीन वेढे द्यायचे, तर तार किती लागेल? परिमिती १३० मीटर, तीन वेढे म्हणजे ३९० मीटर. अशा प्रश्नात १३० आणि १,००० हे आकडे पर्यायांत हमखास ठेवलेले असतात. परिमितीवर थांबणारा १३० निवडतो, क्षेत्रफळ काढणारा १,००० निवडतो. पाच सेकंद देऊन रेघ ओढली की सवा गुण वाचतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या युक्त्या पाढे पाठ असलेल्यालाच फळतात. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ नसतील तर आधी ते करा. सात आठे किती हे आठवायला दहा सेकंद लागले, तर २० गणितांत मिळून बरीच मिनिटं तिथेच जातात.

ओएमआर शीटवर घोटाळा नको

प्रश्न सोडून पुढे जायचं म्हटलं की एक धोका येतो. ४७ वा प्रश्न सोडला आणि ४८ चं उत्तर ४७ च्या ओळीत रंगवलं, तर पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. सगळं येऊनही गुण जातात.

उपाय सोपा आहे. गोल रंगवण्याआधी प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणायचा, "अठ्ठेचाळीस", आणि शीटवर त्याच क्रमांकावर बोट ठेवायचं. दर पाच प्रश्नांनी एकदा पुस्तिका आणि शीट ताडून पाहायची.

गोल निळ्या किंवा काळ्या बॉलपेननंच रंगवायचा असतो, पेन्सिल चालत नाही. एकदा रंगवलेलं उत्तर खोडता किंवा बदलता येत नाही, व्हाइटनर तर नकोच. म्हणून उत्तर नक्की झाल्यावरच पेन शीटला लावायचं. सगळी उत्तरं पुस्तिकेत ठेवून शेवटच्या दहा मिनिटांत ८० गोल रंगवायचे, हा बेतही धोक्याचा आहे. प्रश्न सुटला की लगेच गोल रंगवलेला बरा.

घरी सराव कसा घ्यायचा?

घड्याळ लावून सराव पहिल्या दिवसापासून नको. आधी बरोबर, मग वेगात.

- पहिला टप्पा : घड्याळ नाही. एक-एक घटक घ्या : चार क्रिया, लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, मापन, टक्केवारी, नफा-तोटा, वेळ-अंतर-वेग, परिमिती-क्षेत्रफळ. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत पुढच्या घटकाकडे जायचं नाही.
- दुसरा टप्पा : पाच गणितं, दहा मिनिटं. जमलं की पाच गणितं साडेसात मिनिटांत. हाच तो ९० सेकंदांचा वेग.
- तिसरा टप्पा : सगळ्या घटकांची मिसळ, २० गणितं, ४० मिनिटं, दोन फेऱ्यांत. इथे प्रश्न सोडायची सवय लागते.
- चौथा टप्पा : शेवटचे सहा-सात रविवार, बरोबर ११.३० ला पूर्ण पेपर. मध्ये उठणं नाही, पाणी-जेवण आधीच. कोऱ्या ओएमआर शीटच्या झेरॉक्सवर बॉलपेननंच गोल रंगवायचे.

टायमरसाठी मोबाइल वापरायचा तर फ्लाइट मोडवर टाका आणि पालथा ठेवा.

पेपर तपासल्यावर फक्त गुण बघून वही मिटू नका. प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा : "न" म्हणजे रीतच येत नव्हती, "घ" म्हणजे घाईत चुकलं, "वे" म्हणजे वेळ पुरला नाही. "न" जास्त असतील तर गुरुजींकडे जायचं. "घ" जास्त असतील तर वेग कमी करायचा. "वे" जास्त असतील तरच वेगाचा सराव वाढवायचा. औषध दुखण्यावर असतं. सरसकट "अजून पेपर सोडव" म्हणून उपयोग होत नाही.

परीक्षेचा महिना आणि शेतीची कामं

२०२५ मध्ये ही परीक्षा १८ जानेवारीला झाली. त्यापुढची मात्र १३ डिसेंबर २०२५ लाच ठेवली गेली. जानेवारी धरून तयारी करणाऱ्यांचा महिना त्यामुळे कमी झाला. म्हणून शाळा उघडताच, जूनपासून पहिला टप्पा सुरू करणं शहाणपणाचं. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. घरात माणूसबळ कमी असतं आणि पोरांचाही हात लागतो. तरी या दोन महिन्यांत सकाळी अर्धा तास गणिताला आणि रविवारचे दोन तास पेपरला मोकळे ठेवता आले, तरी बरंच साधतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी एक काळजी घ्यावी. मूल पाचवीत ज्या जिल्ह्यात शिकतं, त्याच जिल्ह्यातून परीक्षा द्यावी लागते, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेतच झालेली लागते. त्यामुळे मुलाचं नाव गावच्या शाळेत राहील आणि परीक्षेच्या दिवशी मूल गावात असेल, अशी सोय आधीच करावी. अर्जात दिलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर मोफत भरता येतो आणि प्रवेशपत्रही तिथूनच काढायचं असतं.

शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसला हिशोब वेगळा

हीच सवय पुढच्या परीक्षांतही लागते, फक्त सेकंद बदलतात. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरला प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न असतात, वेळ दीड तास. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. आठवीच्या एनएमएमएसमध्ये ९० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे बरोबर एक मिनिट. नवोदयच्या ९० सेकंदांत बसायला शिकलेलं मूल पुढे एका मिनिटावरही येतं.

परीक्षेच्या दिवशी पालकांनी

केंद्र लांब असेल तर एसटीच्या भरवशावर शेवटच्या क्षणी निघू नका. तासभर आधी पोहोचा. दोन बॉलपेनं द्या, दोन्ही घरी वापरून सुरळीत झालेली. फाटकावर नवी गणितं विचारू नका. मुलाला एवढंच सांगा : "अडलं तर सोड, पुढं जा, परत ये. एकही गोल कोरा ठेवू नको."

आणि निकाल काहीही लागो, मुलाला बोल लावू नका. जागा ८० च आहेत. पण तीसपर्यंत पाढे, दोन फेऱ्यांची सवय आणि घड्याळ बघून काम करण्याची शिस्त मुलाजवळ राहतेच. पुढे दहावीचा पेपर असो की पोलीस भरतीचा, ती उपयोगी पडते.